नवी कोल्हापुरी का चावते?

गेल्या वैशाखात आमच्या बिद्री गावात पुतण्याचं लग्न होतं. हळदीला पाच दिवस असताना मुंबईहून भाची आली. तिचा धंदा स्टायलिंगचा. जाहिरातीतल्या किंवा मालिकेतल्या माणसानं काय घालायचं, फेटा कुठल्या रंगाचा, त्याखाली कुर्ता कसला, गळ्यात काय, हे सगळं ती ठरवते. ती कपडे शिवत नाही, विकतही नाही. असलेल्या वस्तूंतून निवडायचं आणि अंगावर मांडायचं. आमची आई त्याला ‘नटवायचं काम’ म्हणते, आणि मला यापेक्षा नेमका शब्द अजून सापडलेला नाही. भाचीनं नवरदेवाला डोक्यापासून घोट्यापर्यंत नटवला आणि पायाशी येऊन अडली.

“मामा, कोल्हापुरीच पाहिजे. पण चावणारी नको. दिवसभर उभं राहायचंय त्याला.”

“चावत नाही ती मॉलमध्ये मिळेल,” मी म्हटलं. “आपल्याकडची चावणारच.”

बोलून गेलो, पण का चावते हे मलाही सांगता आलं असतं असं नाही. लहानपणापासून चावून घेतलंय एवढंच. पहिले आठ दिवस अंगठ्याच्या मुळाशी फोड, टाचेला पट्टी. आणि महिन्याभरानं तीच चप्पल पायाला अशी बसते की अंधारात दारातल्या वीस जोड्यांतून पाय आपलीच शोधून काढतो. पायाला टोचणारी वस्तू पायाचीच होते कशी? दुसऱ्या दिवशी भाचीला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि निघालो. मुदाळ तिट्टा, तिथून निपाणीच्या रस्त्यानं मुरगूड, आणि पुढं चिकोत्रेच्या खोऱ्यात सेनापती कापशी. घोरपडे सेनापतींचं हे गाव. दोन्ही बाजूंना कान असलेल्या त्या जाड, भारदस्त चपलेला ‘कापशी’ म्हणतात, ते या गावावरून.

हिरडा चावल्यावर काय होतं?

उत्तराची सुरुवात चपलेत नाही, तोंडात आहे. हिरड्याचा तुकडा दाताखाली धरून बघा. जीभ जाड होते, गाल आतून ओढल्यासारखे वाटतात, तोंड कोरडं पडतं. यालाच आपण तुरट म्हणतो. ही खरं तर चव नाहीच. हिरड्यात टॅनिन नावाचा पदार्थ असतो, तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यांच्या गुठळ्या करतो. लाळेचा बुळबुळीतपणा जातो म्हणून तोंड खरखरीत लागतं. कच्च्या केळ्यानं होतं ते हेच, आणि फार उकळलेल्या कोऱ्या चहानंही हेच.

आता तोंडाच्या जागी म्हशीचं कातडं घ्या. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. त्याची रचना आपल्या दोरासारखी असते. तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले, अशा बारीक दोऱ्यांचे जुडगे, आणि त्या जुडग्यांची आडवी-उभी गुंतागुंत. कच्चं कातडं ओलं राहिलं की जिवाणू हे दोर खातात आणि ते सडतं. वाळवलं तर दोर एकमेकांना चिकटून लाकडासारखं कडक होतं. म्हणजे ओलं ठेवता येत नाही आणि कोरडं वापरता येत नाही. कातडं कमावायचं म्हणजे दोरांच्या मधे असं काहीतरी घालायचं की ते सडणार नाहीत आणि वाळून एकमेकांना चिकटणारही नाहीत. हे काम टॅनिन करतं. हिरडा लाळेला जे करतो, तेच तो कातड्याला करतो. फरक एवढाच की तोंडातलं दहा मिनिटांत निवळतं आणि चामड्यातलं वर्षानुवर्षं टिकतं.

बाभळीच्या पाण्याची पिशवी

जुनी रीत अशी. कातडं आधी पाण्यात भिजवून धुवायचं, मग चुन्याच्या पाण्यात ठेवायचं. चुन्यानं केसांची मुळं सुटतात, कातडं फुगतं, दोर सैल होतात. केस आणि आतलं मांस खरवडून काढायचं आणि चुना धुऊन टाकायचा. मग ते बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं. पाणी आधी पातळ, मग हळूहळू दाट. सुरुवातीलाच दाट पाण्यात घातलं तर वरचा थर कमावला जातो आणि दार बंद झाल्यासारखा आतला भाग कच्चाच राहतो. आमटी भसकन पेटवलेल्या चुलीवर ठेवली की तळाशी करपते आणि डाळ कच्चीच राहते, तसंच काहीसं.

शेवटच्या टप्प्यातली युक्ती मला फार आवडते. कातडं कडेनं शिवून त्याचीच पिशवी करायची, आत साल आणि तुरट पाणी भरायचं आणि आडव्या लाकडाला टांगायची. पाणी स्वतःच्या वजनानं कातड्याच्या आरपार झिरपतं. खाली ठिबकलेलं पाणी परत वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरची बाजूही कोरडी राहात नाही. पंप नाही, यंत्र नाही. चामडं स्वतःचीच चाळणी, स्वतःचंच भांडं. सगळं मिळून महिना जातो, जाड कातड्याला त्याहून जास्त.

कापशीतल्या ज्या कारागिरांकडं आम्ही बसलो होतो, त्यांचे आजोबा हे स्वतः करायचे. आता चामडं तयार येतं, काही तर तमिळनाडूतून. “घरात वास, पाण्याची टंचाई, आणि पोरी द्यायला कुणी तयार न्हाई,” त्यांनी एका दमात तीन कारणं सांगितली. चौथं मी घालतो. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा गायींवरून बैल-वळूंपर्यंत वाढला. म्हशीचं कातडं चालतं, पण एकूण माल कमी झाला, महाग झाला, आणि कातडं वाहून नेणाऱ्या माणसाच्या मनात भीती बसली ती वेगळीच.

एका दिवसाचं चामडं

जगात तयार होणाऱ्या चामड्यापैकी ढोबळमानानं पाचातले चार भाग या रीतीनं कमावलेले नसतात. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असतात. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि महिन्याचं काम दिवसा-दोन दिवसांवर आलं.

दोन्हींतला फरक बिद्रीसारख्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला उसावरून पटकन कळेल. क्रोमियमचे कण लहान असतात पण त्यांची पकड घट्ट असते. ते दोन दोरांना मोजक्या जागी गाठ मारतात, वाढ्यानं उसाची मोळी बांधावी तशी. मोळी सुटत नाही, पण आतले ऊस थोडे हलतात. म्हणून क्रोमचं चामडं मऊ, लवचिक. टॅनिनचे रेणू थोराड. त्यांची एकेक पकड सैल, पण संख्या भरपूर. ते दोरांमधल्या फटीच भरून टाकतात. कारखान्याच्या गव्हाणीकडं निघालेली ठासून भरलेली ट्रॉली डोळ्यांपुढं आणा. तिच्यातला एक ऊस ओढून बघा. म्हणून बाभळीचं चामडं घट्ट, जड, ताठ. उकळत्या पाण्यात दोन्हींचे तुकडे टाकले तर क्रोमचा जवळजवळ तसाच राहतो आणि बाभळीचा पापडासारखा आक्रसतो, कारण त्याच्या सैल गाठी उष्णतेनं सुटतात. ही सैल गाठ लक्षात ठेवा. चावण्याचं उत्तर तिथंच आहे.

मग ‘पर्यावरणपूरक’ कुठलं? भाची म्हणाली की तिच्या क्षेत्रात हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो. क्रोमियमचा त्रास दोन ठिकाणी होतो. टॅनरीचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर धातू गाळात साठतो. आणि चामड्यात वापरतात ते क्रोमियम तसं सौम्य असलं, तरी चुकीच्या प्रक्रियेत किंवा कचरा जाळताना त्याचं विषारी, कर्करोगकारक रूप तयार होऊ शकतं. बाभळीच्या चामड्यात ही भानगड नाही. ते मातीत गेलं की सावकाश कुजतं. पण म्हणून ते धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. चुना, केस, मांस आणि गर्द तपकिरी सालीचं पाणी ओढ्यात सोडलं तर त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. साल काढायला झाडही सोलावं लागतं. हातानं केलेलं ते सगळं निर्मळ, ही शहरी समजूत आहे. ज्यानं कमावणीच्या कुंडात हात घातलाय तो असं बोलत नाही.

माझ्या मते हिशेब चामड्यापेक्षा चपलेच्या आयुष्यात आहे. समजा चारशे रुपयांची चप्पल वर्षात दोन लागल्या, आणि दोन हजारांची कोल्हापुरी पाच वर्षं चालली. पाच वर्षांत चार हजार विरुद्ध दोन हजार, आणि उकिरड्यावर दहा जोड विरुद्ध एक. त्या दहा जोडांतले रेक्झिन, फोम आणि प्लॅस्टिकचे तळ तुमच्या नातवाला नांगरटीत सापडतील.

चौकट: विकत घेताना कडेला बघा

▪ तळाची कापलेली कड बघा. आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग असेल तर बहुधा झाडाच्या सालीनं कमावलेलं. मधे निळसर-राखाडी पट्टा दिसला तर क्रोमचं. कडेला रंगाचा जाड थर असेल तर आत काय आहे ते दुकानदाराला विचारा.
▪ तळ कशानं जोडलाय? खऱ्या कामात खिळा नसतो. चामड्याच्याच वादीनं टाके घातलेले दिसतात.
▪ वास घ्या. चामड्याला झाडाचा, किंचित आंबूस वास असतो. रेक्झिनला नव्या पावसाळी चपलेचा.
▪ वेणी उलटून बघा. कापडावर चिकटवलेली आहे की चामड्याच्या पट्ट्या विणलेल्या आहेत?
▪ कुणी केली ते विचारा. ‘कंपनीची’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

मग चावते कशानं?

नवी कोल्हापुरी ठासून भरलेल्या ट्रॉलीसारखी. दोर हलत नाहीत, म्हणून पट्टा वाकत नाही. पाय मऊ, पट्टा ताठ. घासाघासीत जे मऊ ते सोलवटतं. पण पायाला घाम येतो, ऊब असते, आणि वरून माणसाचं सगळं वजन. ओलावा आणि उबेनं टॅनिनच्या सैल गाठी थोड्याथोड्या सुटतात, दोर आपल्या अंगठ्याच्या आकाराप्रमाणं सरकतात आणि वाळताना गाठी नव्या जागी पुन्हा बसतात. रोज थोडं थोडं. महिन्याभरात चपलेत तुमच्या पायाचा साचा तयार होतो. टाचेखाली खड्डा, अंगठ्याखाली दुसरा, मधे उंचवटा. क्रोमचं चामडं पहिल्या दिवसापासून मऊ असतं, पण त्याची गाठ सुटत नाही; दाबलं की दबतं, सोडलं की मूळ आकाराला परत येतं. ते तुम्हाला ओळखायला शिकत नाही.

म्हणून नव्या चपलेला तेल पाजतात. तेल दोरांमधे शिरून त्यांना सरकायला वाट करून देतं. आणि म्हणूनच कोल्हापुरी पावसात घालायची नाही. फार पाणी लागलं की गाठी एकदमच सैल होतात, चामडं फुगतं, आणि मग कुठल्याही आकाराला वाळतं.

स्टायलिंगवाल्यांच्या भाषेत ‘सगळ्या शरीरांसाठी’ हा सध्या मोठा विषय आहे. कापशीत आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक आजी आल्या. एका पायाचा अंगठा आत वळलेला, टाच भेगाळलेली. कारागिरांनी जमिनीवर कागद पसरला, त्यावर पाय ठेवायला लावला, पेन्सिलीनं कड मारली, मग दुसरा पाय वेगळ्या कागदावर. दोन्ही पायांची मापं वेगळी, म्हणून दोन्ही तळ वेगळे कापणार. डाव्याच्या अंगठ्याची वादी बोटभर बाहेर घ्यायची, ते त्यांनी कागदावरच खूण करून ठेवलं. सहा, सात, आठ नंबर नाही. भाची बराच वेळ त्या कागदाकडं बघत होती. तिच्याकडं शूटिंगला येणाऱ्या नमुन्यांच्या चपला ठरावीक नंबराच्याच असतात, आणि पाय त्यात बसेल अशी मुलगी शोधली जाते.

नाव न घेतल्याचं प्रकरण

२२ जून २०२५ ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. काही मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्याच चपला होत्या, आणि कंपनीनं त्यांचं वर्णन नुसतं ‘चामडी सँडल’ असं केलं. भारताचा उल्लेख नाही. कोल्हापुरात संताप झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी पत्र लिहिलं, आणि ही रचना भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं कंपनीनं उत्तरात मान्य केलं.

पुष्कळांना वाटलं, आपल्याकडं जीआय आहे, म्हणजे खटला जिंकलाच. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. २०१८-१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला ते मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमाप्रश्न कुठंही असो, चपलेनं तो केव्हाच सोडवलाय. पण हे मानांकन प्रामुख्यानं नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. कोल्हापुरी गुळाचं उदाहरण घ्या. गूळ कुणीही करावा, ढेपही कुठल्याही आकाराची करावी. पण बाहेरच्या गुळाला ‘कोल्हापुरी’ म्हणायचं नाही. प्राडानं तर नावच घेतलं नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीचा आपल्याला राग आला, तीच त्यांची ढाल झाली. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका त्याच वर्षी जुलैत फेटाळली गेली, तीही वेगळ्याच मुद्द्यावर. मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. दाद मागायची तर त्यांनी, असा न्यायालयाचा रोख होता.

पुढं डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे ८०० युरो. दोन हजार जोड म्हणजे किती, याचा अंदाज कोल्हापुरातल्या कुठल्याही चप्पल दुकानदाराला विचारा, तो हसेल. पण एक गोष्ट मोठी आहे. जिथं नाव नव्हतं तिथं नाव आलं.

ज्यांनी केली, त्यांनी पायातून काढायची

नावाचा प्रश्न मिलानमध्ये सुरू झाला नाही. कातडं कमावणारा ढोर समाज, चप्पल शिवणारा चर्मकार समाज. गावाला दोघांचं काम हवं आणि दोघांची सावली नको. कित्येक गावांत दलितांनी वाड्यासमोरून जाताना चप्पल पायातून काढून हातात घ्यायची, ही रीत होती. स्वतःच्या हातानं केलेली चप्पल. तिचा करकर आवाज पाटलाच्या पायात रुबाब, आणि शिवणाऱ्याच्या पायात माज. हे आठवल्याशिवाय ‘पारंपरिक लूक’ असं मला बिनधास्त लिहिता येत नाही.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आठवते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. महाराज तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे, आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. फर्मान नाही, भाषण नाही. चारचौघांत दिसेल असं केलं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, “मामा, हेच आमचं काम. कुणाच्या हातात काय दिसतं, तेवढंच आम्ही ठरवतो.”

मग मी विचारलं, एखाद्या मासिकात फोटो छापतात तेव्हा खाली काय लिहिता? कपडे अमक्या डिझायनरचे, दागिने तमक्या पेढीचे, केस, रंगभूषा, छायाचित्र. आणि चपला? “‘स्टायलिस्टच्या संग्रहातून’,” ती म्हणाली आणि गप्प झाली. तिनं त्या दिवशी कापशीतल्या कारागिरांच्या घरातल्या दोन वहिनींचे हात बघितले होते. वेणीचं आणि नक्षीचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. चामड्याच्या केसाएवढ्या पट्ट्या, मान खाली, दुपारभर. दुकानाच्या पाटीवर नाव सासऱ्यांचं.

नवरदेवाच्या पायात

चप्पल राहिलीच की. कारागिरांनी लग्नाची तारीख विचारली आणि मान हलवली.

“पाच दिसात नवी बसत न्हाई, पाव्हणं. पोरगं लंगडत फेरं घालंल. घरात जुनी हाय का त्याची?”

होती. कॉलेजच्या दिवसांतली, माळ्यावर, धुळीनं पांढरी झालेली. संध्याकाळी नेऊन दिली. त्यांनी रापीनं तळाचा फाटका थर सोडवला, नवा लावला, आरीनं भोकं पाडून वादीनं टाके घातले, कानाची सुटलेली नक्षी वहिनींनी पुन्हा विणली. अंगठ्याखालचा खड्डा मात्र तसाच ठेवला. त्या थराला हात लावला नाही. मग तेल. अडीचशे रुपये घेतले. भाचीनं पाचशे काढले तर रागावले.

लग्नात सगळ्यांनी विचारलं, नवी घेतली का म्हणून. पुतण्या दिवसभर न लंगडता उभा राहिला. फोटो टाकताना भाचीनं खाली फेटा कुणी बांधला, पैठणी कुणाची नेसली आहे (त्याच्या आईची, पंचवीस वर्षांपूर्वीची) हे लिहिलं, आणि चपलेपुढं त्या घराचं नाव लिहिण्याआधी कापशीला फोन करून विचारलं, लिहू का. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग, “सूनबाईचंबी लिवा,” एवढंच.

जूनचा पहिला पाऊस पडला तशी पुतण्यानं चप्पल पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता दसऱ्यालाच.